कम्युनिटी कॉलेज म्हणजे ‘कोणत्या समाजाचे’?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्या शैक्षणिक धोरणाच्या निमित्ताने आपल्या दैनिकात कौशल्याधारित अभ्यासक्रमांविषयी गेले काही आठवडे जी चर्चा चालू आहे, ती मी नियमित वाचते आहे. तीत अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा उल्लेख दोन-तीन वेळा आला आणि प्रत्येक वेळी ‘तिकडचे आयटीआय’ किंवा ‘स्वस्तातले अल्पमुदतीचे वर्ग’ एवढ्यावर त्यांची बोळवण झाली. मी मूळची सांगलीची. लग्नानंतर वीसहून अधिक वर्षे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठच्या गावांत राहिले आहे आणि तिथल्या अशाच एका कॉलेजात वेगवेगळ्या वर्षी तीन अगदी वेगळ्या विषयांचे अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत : आहारशास्त्र, ध्वनिमुद्रण आणि रुग्णसेवा. सध्या आईच्या आजारपणामुळे चार महिने पुण्यात आहे. या कॉलेजांचे दार कोणाकोणासाठी उघडे असते आणि आत शिकलेले पुढे कोणत्या खात्यात जमा होते, या दोन गोष्टींत त्यांचे मर्म आहे असे माझे मत झाले आहे, आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमक्या याच दोन गोष्टी गळाल्या आहेत, म्हणून हे पत्र.

आधी नावाविषयी. ‘कम्युनिटी कॉलेजात नाव घातले आहे’ असे मी २०१३ साली सांगलीला फोनवर कळवले, तेव्हा माझ्या वयोवृद्ध काकांचा पहिला प्रश्न होता, ‘कोणत्या समाजाचे?’ त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली आणि त्यांतून शिकून किती पिढ्या वर आल्या, हे त्यांनी जवळून पाहिलेले होते. शिक्षणसंस्था म्हटली की ती कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे ओघानेच येतो. कॅलिफोर्नियात मात्र ‘कम्युनिटी’ याचा अर्थ त्या कॉलेजच्या हद्दीत राहणारे सगळे रहिवासी. तिथे ११६ कम्युनिटी कॉलेजे आहेत, ती ७३ जिल्ह्यांत विभागलेली आहेत आणि स्थानिक जिल्ह्याचे विश्वस्त मंडळ मतदार थेट निवडून देतात. कॉलेजच्या खर्चाचा काही भाग त्या भागातील घरपट्टीसारख्या करातून येतो, नव्या इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे झाले तर त्यासाठी मतदान होते. आपल्या जिल्हा परिषदेने एक कॉलेज चालवावे आणि त्याच्या सदस्यांनी मते मागायला दारात यावे, तसा हा प्रकार आहे. निवडणुकीच्या हंगामात आमच्या पत्रपेटीत विश्वस्तपदाच्या उमेदवारांची पत्रके पडत, आणि ‘नर्सिंगच्या जागा वाढवू’ हे त्यांतल्या एकाने दिलेले आश्वासन मला अजून आठवते.

ही संस्था नवी नाही. इलिनॉय राज्यात १९०१ साली सुरू झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे अमेरिकेतील सर्वांत जुने सार्वजनिक द्विवर्षीय कॉलेज मानले जाते. विद्यापीठाची पहिली दोन वर्षे मुलांना घरापासून जवळ शिकता यावीत, एवढाच त्यामागचा मूळ हेतू होता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येऊ लागल्यावर या कॉलेजांची गरज एकदम वाढली आणि अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ च्या अहवालात ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द रूढ केला. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहत् आराखड्यात उच्च शिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या आणि सर्वांत खालची, सर्वांत रुंद पायरी या कॉलेजांकडे आली. १९८४ पर्यंत तिथे रहिवाशांना शिक्षणशुल्कच नव्हते. त्या वर्षी ते युनिटला (म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याच्या तिथल्या श्रेयांकाला) ५ डॉलर झाले आणि २०१२ पासून ते ४६ डॉलर आहे. माझा आहारशास्त्राचा अभ्यासक्रम तीन युनिटांचा होता, म्हणजे शुल्क १३८ डॉलर. पाठ्यपुस्तक त्याहून महाग निघाले, तो भाग वेगळा.

आता दाराविषयी. तिथे प्रवेशासाठी १८ वर्षे पूर्ण असणे आणि शिक्षणाचा लाभ घेता येण्याची क्षमता असणे पुरते. गुणांची टक्केवारी कोणी विचारत नाही आणि वयाला वरची मर्यादा नाही. माझ्या बाबतीत याचा अर्थ फार मोठा होता. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर तिकडे गेले. त्या व्हिसावर नोकरी करता येत नसे (२०१५ पासून काही जणींना परवाना मिळू लागला), त्यामुळे एम. कॉम. झालेल्या, इथे बँकेत काम केलेल्या माझ्यासारख्या बायका वर्षानुवर्षे घरात बसून राहिल्या. शिकायला मात्र बंदी नव्हती. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस वास्तव्य झाले की आम्हालाही रहिवाशाचेच शुल्क लागू होई. विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना ते लागू होत नाही आणि त्यांना याच्या कित्येक पटींनी भरावे लागते, हे मुलांना तिकडच्या कम्युनिटी कॉलेजात पाठवू पाहणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवावे. हा नियम मला सात-आठ वर्षे ठाऊकच नव्हता. वाचनालयाच्या फळ्यावरच्या एका कागदाने तो कळला.

आहारशास्त्राचा वर्ग संध्याकाळी सहा ते नऊ असे. शिकवणाऱ्या बाई दिवसा एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करत. वर्गात फिलिपिनो, मेक्सिकन, व्हिएतनामी, पंजाबी असे सगळे. शेजारच्या बाकावर एक निवृत्त अग्निशामक अधिकारी. पहिला मोठा गृहपाठ होता तो तीन दिवस जे जे पोटात जाईल ते वजन करून लिहून काढण्याचा आणि एका संगणक-प्रणालीत भरून पोषणमूल्ये काढण्याचा. त्या प्रणालीत पिझ्झ्याचे शेकडो प्रकार होते, भाकरी नव्हती. मी बाईंना तसे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की, मग पीठ तोला, पाणी मोजा आणि तुमची भाकरी तुम्हीच त्यात भरा. त्या रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा ज्वारीचे पीठ, आमटीतली डाळ आणि फोडणीचे तेल तोलले. घरातल्या वाटीत किती मिलिलिटर मावते, हेही त्याच रात्री कळले. तीन दिवसांच्या बेरजेतून जे निघाले ते माझ्या अभिमानाला फारसे मानवले नाही : सकाळच्या पोह्यांत आणि चहात प्रथिने जवळजवळ नाहीत, तेल माझ्या अंदाजाच्या दुप्पट, आणि पापड-लोणच्याने मिठाचा हिशेब केव्हाच पार केलेला. एका लहान चमचाभर मिठात सुमारे २३०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि प्रौढ माणसाची दिवसभराची मर्यादाही तेवढीच आहे, हे वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केले होते.

त्याच वर्गात एका संध्याकाळी पडद्यावर दोन पुरुषांचे छायाचित्र आले आणि मी चमकले. एक होते लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि दुसरे आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या टिपणात दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ असाच होता, पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, म्हणून मधुमेहाचा धोका केवळ वजनकाट्यावरून ठरवता येत नाही, हे त्या एका चित्राने वर्गाला समजले. पुढे २०१५ साली अमेरिकेतील मधुमेह संघटनेने आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी २५ ऐवजी २३ च्या निर्देशांकापासून करावी, अशी शिफारस केली. पुण्यात झालेले संशोधन मला पुण्यापासून हजारो मैलांवर, एका सार्वजनिक कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात कळावे, याचे नवल मला आजही वाटते, आणि थोडे वाईटही वाटते.

आहारशास्त्राच्या या पायरीवरून पुढे दोन वाटा जातात. दोन वर्षांची पदविका करून रुग्णालयात आहारतंत्रज्ञ होता येते, किंवा हीच युनिटे घेऊन विद्यापीठात जाता येते. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ होण्यासाठी मात्र १ जानेवारी २०२४ पासून तिथे पदव्युत्तर पदवी सक्तीची झाली आहे. इथे परत आल्यावर माझ्या आईच्या इमारतीत एक फलक दिसला. त्यावर ‘डाएटिशियन’ असा शब्द आहे आणि त्याखाली शिक्षणाचा उल्लेख नाही. संसदेने २०२१ साली संबंधित आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि आहारशास्त्राचाही त्यात समावेश केला, ही चांगली गोष्ट झाली. तो फलकापर्यंत केव्हा पोहोचतो ते पाहायचे.

ध्वनिमुद्रणाकडे मी वळले ते चिडून. आमच्या भागातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत गाणारे उत्तम, ऐकणारे रसिक, आणि आवाज मात्र असा की तंबोऱ्याऐवजी स्पीकरच गुणगुणतो आहे असे वाटावे. दर दिवाळीला ‘माइक टेस्टिंग’ अर्धा तास चाले आणि तरीही पहिले दोन अभंग वाया जात. कोणी तरी शिकून घ्यायला हवे, असे समितीच्या बैठकीत ठरले आणि असे ठराव झाले की ज्याने तोंड उघडले त्याच्याच गळ्यात ते पडते, हा नियम सातासमुद्रापारही लागू आहे.

त्या वर्गात पहिले तीन आठवडे आम्ही एकही सूर मुद्रित केला नाही. केबल गुंडाळायला शिकलो. एक वेढा सरळ आणि एक उलटा घेतला, तर केबलला पीळ बसत नाही आणि ती फेकली की सरळ उलगडते. मग माइकपासून स्पीकरपर्यंत आवाज कोणकोणत्या वाटेने जातो, हे कागदावर काढायचे. कन्डेन्सर माइकला ४८ व्होल्ट का लागतात, ध्वनीचे नमुने सेकंदाला ४४,१०० वेळा का घेतात, पातळी किती ठेवली की आवाज फाटत नाही, हे सगळे घोटून झाल्यावर मग कुठे स्टुडिओचे दार उघडले. ज्या प्रदेशात हे कॉलेज आहे तिथेच, रेडवुड सिटी आणि सॅन कार्लोसच्या आसपास, अँपेक्स कंपनीने युद्धातून हाती आलेल्या जर्मन यंत्रांचा अभ्यास करून १९४८ साली आपला व्यावसायिक टेपरेकॉर्डर बाजारात आणला होता, आणि आज जगभरच्या स्टुडिओंत वापरली जाणारी प्रो टूल्स ही प्रणालीही याच उपसागराकाठी जन्मली. आमचे शिक्षक हा इतिहास असा सांगत, जणू काही गावच्या जत्रेची गोष्ट आहे.

शेवटच्या प्रकल्पासाठी मी एक अभंग मुद्रित केला : हार्मोनियम, टाळ, पखवाज आणि एक गळा. पखवाजाच्या दोन्ही तोंडांशी एकेक माइक लावला. वेगवेगळे ऐकले तर दोन्ही सुरेख. एकत्र केले की डाव्या तोंडाचा घुमारा गायब. मला वाटले, कणीक कमी पडली. (पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात आणि कार्यक्रम झाला की ती खरवडून काढतात, हे ऐकून अख्खा वर्ग भोवती जमला होता.) शिक्षकांनी काही न बोलता मिक्सरवर एका माइकच्या पट्टीतले लहानसे बटण दाबले आणि घुमारा परत आला. डाव्या पुडीवर (तोंडावरच्या कातड्यावर) थाप पडली की ती आत जाते आणि आतल्या हवेने उजवी पुडी बाहेर ढकलली जाते. समोरासमोरच्या दोन माइकना तीच थाप एकमेकींच्या उलट ऐकू येते आणि बेरजेत ती एकमेकींना खाऊन टाकते. एकाची ध्रुवता उलटी केली की झाले. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांत पखवाज इतकी वर्षे पोकळ का वाजत होता, याचे उत्तर त्या बटणात होते.

या अभ्यासक्रमाने नोकरी मिळते का, असे कोणी विचारले तर सांगावे लागेल की क्वचित. मोठे स्टुडिओ बंद होत गेले आणि घरोघरी लॅपटॉपवर मुद्रण होऊ लागले. माझ्या वर्गातल्यांपैकी एक जण चर्चमध्ये ध्वनिव्यवस्था सांभाळतो, एक मुलगी पॉडकास्टचे संपादन करून घरभाड्याचा काही भाग काढते, दोघे-तिघे पुढे विद्यापीठात गेले, बाकीचे हौशी. राज्यानेही अशा हौशींना आळा घातला आहे : कला आणि व्यायामाचे तेच ते अभ्यासक्रम पुनःपुन्हा घेण्यावर २०१३ पासून बंधन आले, आणि वीस वर्षे एकाच वाद्यवृंदाच्या वर्गात बसणाऱ्या आजोबांना बाहेर पडावे लागले. सरकारी पैसा पदवी मिळवू पाहणाऱ्या तरुणांवर आधी खर्च व्हावा, हा त्यामागचा युक्तिवाद मला पटतो. पण त्या आजोबांनीही पन्नास वर्षे कर भरला होता, हेही विसरता येत नाही.

तिसरा अभ्यासक्रम रुग्णसेवेचा, म्हणजे तिकडच्या भाषेत सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचा. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या आणि अंथरुणाला खिळल्या, तेव्हा तो मी घेतला. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे त्याला किमान ७५ तासांचे प्रशिक्षण पुरते. कॅलिफोर्नियात मात्र ६० तास वर्गात आणि १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ असे १६० तास पूर्ण करावे लागतात आणि मग लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा असते. प्रात्यक्षिकात हात धुण्याचेही गुण असतात. वीस सेकंदांआधी नळ बंद केला की गेले. मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलेले चालत नाही. पलंगावरून खुर्चीत नेताना रुग्णाच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि त्याला धरून उठवायचे, काखेत हात घालून कधीही ओढायचे नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि टाच, माकडहाड, खांदा या जागांची कातडी डोळ्यांनी पाहायची. आणि प्रत्येक कृतीआधी, रुग्ण बोलत नसला तरी, त्याला आपले नाव सांगून काय करणार आहोत ते सांगायचे. हे शेवटचे मी सासूबाईंच्या बाबतीत आधी कधीच केले नव्हते.

माझ्या वर्गात अवघ्या अठरा वर्षांच्या मुलीपासून पन्नाशीच्या बाईपर्यंत सगळ्या होत्या, आणि बहुतेकींच्या डोळ्यांसमोर पुढची शिडी स्पष्ट होती : आधी सहायक, मग परवानाधारक व्यावसायिक परिचारिका, मग दोन वर्षांच्या पदविकेने नोंदणीकृत परिचारिका. कम्युनिटी कॉलेजातून परिचारिका झालेली मुलगी आणि विद्यापीठातून चार वर्षांची पदवी घेतलेली मुलगी, दोघी राष्ट्रीय परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. शिडीच्या सगळ्याच पायऱ्या सारख्या भक्कम आहेत असे नाही. सहायकाच्या अभ्यासक्रमाची युनिटे विद्यापीठात सहसा धरली जात नाहीत. पण त्याच कॉलेजात घेतलेले शरीररचनाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र हे विषय धरले जातात आणि सगळे एकाच गुणपत्रिकेवर असते. २०१० साली कॅलिफोर्नियाने कायदा करून, ठरावीक विषय घेऊन दोन वर्षांची पदविका मिळवणाऱ्याला राज्य विद्यापीठ व्यवस्थेत जागेची हमी दिली. ध्वनिमुद्रण आणि शरीररचनाशास्त्र एका खात्यात जमा होणे हे आपल्याकडे हास्यास्पद वाटेल. तिथे त्यामुळेच माणसाला चुकीचा विषय घेण्याची आणि तरीही फुकट न जाण्याची मुभा मिळते.

तिकडचे सगळे आलबेल आहे, असा या पत्राचा सूर लागू नये. दार रुंद आहे म्हणून आत येणारे पुष्कळ, पण पदविकेपर्यंत पोहोचणारे त्या मानाने थोडे; नोकरी, मुले आणि घरभाडे यांच्या रेट्यात कित्येक जण मधूनच गळतात. परिचारिकांच्या जागा इतक्या कमी की काही कॉलेजे पात्र अर्जदारांतून चिठ्ठ्या काढतात. आणि शिकवणाऱ्यांपैकी फार मोठा वर्ग अर्धवेळ आहे. आमचे ध्वनिमुद्रणाचे शिक्षक सोमवारी एका कॉलेजात, मंगळवारी चाळीस मैलांवरच्या दुसऱ्यात आणि बुधवारी तिसऱ्यात शिकवत. त्यांच्या गाडीच्या मागच्या आसनावर माइकचे खोके, उत्तरपत्रिका आणि जेवणाचा डबा एकत्र असे. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्राकडे वळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, पाठोपाठ बी. व्होक. ही व्यवसायशिक्षणाची पदवी आली, २०२० च्या धोरणाने मध्येच बाहेर पडून पुन्हा आत येण्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये शिकलेल्याचे श्रेयांक साठवून ठेवणारी श्रेयांकांची बँकही सुरू झाली. म्हणजे खाते उघडले आहे. माझी तक्रार दाराविषयी आहे. यांतले बहुतेक अभ्यासक्रम चालू महाविद्यालयांच्या आवारात, दिवसा आणि नुकत्याच बारावी झालेल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून चालतात. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून कामकरी माणसासाठी जे केले त्याची कृतज्ञतेने नोंद करायला हवी, परंतु नाडी मोजणे किंवा माइक लावणे हे पोस्टाने आलेल्या पुस्तकातून येत नाही. त्याला वॉर्ड लागतो, स्टुडिओ लागतो, आणि चुकल्यावर हात धरणारा कोणी तरी शेजारी लागतो.

गणपतीत आणि लग्नसराईत मांडवाचा स्पीकर लावणारा आमच्या इमारतीखालचा मुलगा परवा केबल गुंडाळताना दिसला, एक वेढा सरळ, एक उलटा. कोणी शिकवले म्हणून विचारले, तर म्हणाला, ‘मामानं.’ मला जे शिकायला तीन आठवडे आणि शुल्क लागले ते त्याला अंगवळणी होते. त्याच शहरात देशातील नामांकित चित्रपट संस्था ध्वनिमुद्रण शिकवते, पण तिथे जायला आधी पदवी हवी. हा मुलगा आणि ती संस्था यांच्यात रिक्षाने वीस मिनिटांचे अंतर असेल. मध्ये त्याला पाऊल ठेवायला एकही पायरी नाही.

आणि आईची गोष्ट. मी येण्याआधी एका ब्युरोकडून आलेल्या ताई तिला सांभाळत होत्या. काखेत हात घालून ओढल्याने आईचा खांदा दुखावला आणि माकडहाडाशी जखम झाली. ब्युरोला फोन केला, तर ‘आमच्या सगळ्या बायका ट्रेंड आहेत’ असे उत्तर मिळाले. त्या ताईंचे प्रशिक्षण म्हणजे आधीच्या घरात दुसऱ्या बाईबरोबर काढलेले दोन दिवस होते. त्यांना मी दोष देत नाही. बारा तासांची पाळी करून, दोन बस बदलून घरी जाणाऱ्या बाईला कोणी कधी बसवून काही शिकवलेलेच नव्हते. सध्या दुसऱ्या येतात. वय चौतीस, दहावीत गणितात राहिल्या, दोन मुले, हाताने हलक्या आणि स्वभावाने चौकस. मी जुन्या नऊवारीचा तुकडा चौपदरी शिवून कमरेचा पट्टा तयार केला आणि त्यांना तो वापरायला शिकवला; कूस बदलण्याच्या वेळा आता त्या स्वतः कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितात. गेल्या आठवड्यात नाडी मोजताना घड्याळावरची नजर न काढता त्यांनी विचारले, ‘ताई, याचं सर्टिफिकेट कुठं मिळतं?’

कौशल्य विकास योजनेतील जनरल ड्यूटी असिस्टंटच्या, म्हणजे रुग्णसेवा सहायकाच्या, अभ्यासक्रमाची मला कल्पना आहे आणि त्याची चौकशीही मी केली. मला ज्या दोन ठिकाणी विचारता आले, तिथे वर्ग दिवसा भरतात आणि ते केल्यावर परिचारिकेच्या अभ्यासक्रमाकडे जाताना त्याचे काही धरले जाते का, याला ‘नाही, त्याला बारावी लागते’ असे उत्तर आले. पुणे शहरात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये, संध्याकाळी सातनंतर अथवा रविवारी, दहावी न झालेल्या बाईला घेणारा आणि रुग्णालयात प्रत्यक्ष काम शिकवणारा वर्ग कोणत्या संस्थेत चालतो, हे आपल्या वाचकांपैकी कोणाला ठाऊक असल्यास त्यांनी या सदरातून कळवावे. मी पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत इथे आहे.

आपली,
एक वाचक
(मूळ सांगली, सध्या मुक्काम पुणे)